रोहिणीचा जुना जबडा

आमच्या वॉर्डात किस्से साठतात ते रागामुळे. डॉक्टरला पेशंटसमोर राग गिळावा लागतो, मग तो असा गप्पांत बाहेर पडतो! मी दिल्लीत वीस वर्षं प्लास्टिक सर्जन आहे, म्हणजे साठा किती असेल बघा. आज फक्त रोहिणी साळवेचे सांगते.

ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली. करोल बागच्या क्लासहून येताना तिच्या ऑटोला गाडी धडकली आणि डावीकडच्या जबड्याचा चुरा झाला. सरकारी नोकरीच्या परीक्षेचा शेवटचा अटेम्प्ट सात महिन्यांवर. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने पाटीवर पहिला प्रश्न लिहिला, "पेपरला बसेन ना?"

*

चेहरा बेतायला आम्ही अपघाताआधीचा फोटो मागतो. तिच्या वडिलांनी, साळवेकाकांनी, लग्नाच्या बायोडेटातला आणला! स्टुडिओवाल्याने रंग उजळलेला, गाल तासलेले.

"काका, ही कोण?"

"रोहिणीच. जरा साफसूफ केलेली."

"मग मी जबडा कोणाचा करू? हिचा की स्टुडिओवाल्याचा?"

काका एकदम गंभीर. "मॅडम, चॉइस असतो का?"

शेवटी रोहिणीनेच मोबाइलमधला खळखळून हसतानाचा फोटो दिला. त्यात निदान दात तिचे होते.

*

हल्ली स्कॅनवरून तुटलेल्या जबड्याचं हुबेहूब मॉडेल प्रिंट होतं. त्यावर आधी सगळं मोजायचं. मग पायातलं एक हाड काढून जबड्याच्या आकारात बसवायचं आणि त्याच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. दहा तास उभं राहून! आणि काकांच्या ऑफिसातून ऑपरेशनच्या खर्चाची फाइल परत आली, "कॉस्मेटिक. नामंजूर."

माझं डोकंच सटकलं. मॉडेल पिशवीत घालून त्या ऑफिसात गेले आणि बाबूच्या टेबलावर ठेवलं. "ये कॉस्मेटिक है? लड़की नली से खाना खा रही है!"

बाबूने ते उचललं, पंख्याने उडणाऱ्या कागदांवर ठेवलं आणि म्हणाला, "अच्छा है मॅडम. पेपरवेट है?"

सही होईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. येताना पेपरवेटही घेऊन आले. पुढे डिस्चार्जच्या दिवशी ते मॉडेल रोहिणीने मागून घेतलं.

*

ऑपरेशननंतर मयूर विहारच्या एक काकू भेटायला आल्या. "पायाचं हाड जबड्यात? अगंबाई! मग आता चालताना दुखणार की बोलताना? आणि लग्नाचं कसं गं करायचं?"

मी दात आवळून उभी. रोहिणीने पाटी घेतली. "काकू, तुम्ही चालून दाखवा ना. दार तिकडे आहे."

*

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले, ऑपरेशनने चेहरा बदलल्याचं सर्टिफिकेट घेऊन. गेटवरचं मशीन चेहरा जुन्या फोटोशी ताडून बघतं. तीनदा बघितलं, तीनदा लाल दिवा!

टेबलावरच्या साहेबांनी माझं सर्टिफिकेट बाजूला सारलं. "ऐसा तो कोई भी लिखवा लेता है."

गेट बंद व्हायला पाच मिनिटं होती. मी ओरडलेच, "अरे, ये चेहरा मैंने बनाया है!"

"तो बनाने से पहले पूछना था ना. हमें पुराना चेहरा चाहिए."

रोहिणीने बॅग उघडली. मॉडेलचा तो तुटका जबडा काढला आणि साहेबांच्या रजिस्टरवर ठेवला.

"लीजिए सर, पुराना. मिला लीजिए."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. एकदा जबड्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग अंगठ्याचं मशीन पुढे केलं. हिरवा दिवा!

"जाइए, जाइए! और ये... ये उठा लीजिए, प्लीज."

"नहीं सर," रोहिणी आत जाता जाता म्हणाली, "अंदर सामान अलाउड नहीं है. तब तक आप रखिए."