मालकांच्या कानाशी बसणारा बॅक

आमच्या तेलगावच्या फुटबॉल संघाला मालक होते. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. जर्सी त्यांची, चेंडू त्यांचा, सामन्याला न्यायचा टेम्पोही त्यांचाच. खेळ तेवढा आमचा, कारण त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड समजावून सांगताना आमचे दोन कप्तान थकले.

अशा माणसापाशी वजन कुणाचं असावं? गोल मारणाऱ्याचं तर नव्हतंच. त्याला पाठीवर थाप मिळायची, आणि लेफ्ट बॅकला मालकांच्या जीपमध्ये पुढची सीट. लेफ्ट बॅकच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुरं-मेंढरं. मालकांना बैलांचा भारी नाद, पण बाजारात यानं मान हलवल्याशिवाय ते कुठल्या बैलाला हात लावत नसत. पुढं पुढं संघही तसाच निवडू लागले. सामन्याच्या सकाळी आम्हाला एकेक करून मैदानात चालवायचे, आणि हा शेजारी उभा राहून चाल बघायचा. दात तेवढे तपासत नव्हते, एवढीच काय ती आमची इज्जत राखली होती. आम्ही त्याला चमचा म्हणायचो. पण त्यानं बाहेर बसवलेला गडी खरंच दुखरा निघायचा, हे आम्हाला फार झोंबायचं.

मी गोलकीपर. सिरसाळ्याबरोबरचा अंतिम सामना माझा शेवटचा होता, कारण पुढच्या आठवड्यात नोकरीसाठी पुणं गाठायचं होतं. नेमका चार दिवस आधी माझा डावा गुडघा सुजला. मग काय, त्याच चमच्याकडं मी भेळ बांधून घेऊन गेलो.

"एवढ्या बारीला गप ऱ्हा बे," मी म्हणालो.

"मालक मलाच काहून इचारतेत? आजवर खोटं सांगितलं न्हाई म्हणून."

"माझा शेवटचा सामना हाय."

तो भेळेला हातही न लावता उठून गेला.

सामन्याच्या सकाळी मी दातावर दात दाबून सरळ चाललो. मालकांनी विचारलं, "कसा हाय रे?" त्यानं माझ्या गुडघ्याकडं बराच वेळ बघितलं.

"बरा हाय, मालक."

शेवटच्या मिनिटांत चेंडू माझ्या डावीकडून आला. जोरातही नव्हता. मला झेप घेता आली नाही, मी नुसता बघत राहिलो आणि आम्ही एका गोलनं हरलो. मालक मला काहीच बोलले नाहीत, थेट त्याच्याकडं गेले.

"तुला दिसलं न्हाई व्हय रे?"

"न्हाई दिसलं, मालक."

मी दोन हातांच्या अंतरावरच उभा होतो. तोंड उघडलं नाही, त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या बाजाराला मालक एकटेच गेले. तो आमच्यासारखा टेम्पोत मागं बसायला लागला. आम्हाला चालवून बघणं बंद झालं. नंतर म्हणे संघात तोच गडी असायचा, जो मालकांना लांबूनच मोठ्यानं रामराम घालायचा.

आता मी सुट्टीत गावी गेलो की मालक मला दुकानात बोलावतात, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवतात आणि चहा सांगतात. जुना विषय निघतोच.

"लई पारखी पोरगं होतं. पण नजर गेली त्याची."

मी कपात बघत म्हणतो, "व्हय, मालक."