गळतीकाकांची होडी

गळतीकाकांना कुठलीही गोष्ट धड असलेली बघवत नसे. घरात नवा माठ आला की ते त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारत. काकू म्हणत, "अहो, माठ पाझरणारच." त्यावर काका विचारत, "हो, पण जास्त कुठून?" उभा जन्म पाणी खात्यात गेलेला. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखालचा पाइप नेमका कुठे फुटलाय ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर सळई गेली, सवय राहिली. सोसायटीच्या सभेत अहवालाचं वाचन सुरू झालं की डोळे मिटून ऐकत आणि तिसऱ्या वाक्याला हात वर करत, "थांबा, इथे गळतंय."

आमची सोसायटी डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. काका-काकू तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर. एका श्रावणात पाणी तळमजल्यात शिरलं. काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावर घेतलं. वरच्या सगळ्या गॅलऱ्यांतून मोबाईल बाहेर आले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपवर फिरला आणि कुणा कलावंताने त्याला ढोल-ताशा लावला. तो व्हिडिओ माझ्याही मोबाईलमध्ये होता, मीही हसलो होतो. मला त्याची आजही लाज वाटते.

काकू हसल्या नाहीत. "पुन्हा असं झालं तर मी मुलाकडे ठाण्याला जाणार. एकटी जाईन," त्या म्हणाल्या. मुलगा ठाण्यात अठराव्या मजल्यावर राहायचा. काकांना ते घर ऐकूनच गुदमरायला व्हायचं. डोंबिवली सोडायची नव्हती आणि काकूंशिवाय राहायचंही नव्हतं. पंधरा दिवसांत कळव्याच्या एका भंगारवाल्याकडून टेम्पोत घालून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी होडी आणली. पोचे आलेली, रंगाचे पोपडे सुटलेली, चार माणसांची.

लोकांनी सल्ला दिला, सगळीकडे लांबी फासा आणि रंग मारा. काका खवळले. "लांबी फासायला काय लागतं? आधी गळती सापडायला हवी!" त्यांनी होडी पार्किंगमध्ये चार पिंपांवर चढवली आणि नळाचा पाइप आत सोडला. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. सेक्रेटरी बनियनवरच धावत आले.

"काका, होडी पाण्यात ठेवतात. तुम्ही पाणी होडीत काय ठेवताय?"

"जिथून बाहेरचं आत येतं तिथूनच आतलं बाहेर जातं," काका म्हणाले. "खाली बसा आणि बघा."

सेक्रेटरी खाली बसले नाहीत, त्यांनी नोटीस लावली. मग काकांनी नवाच मार्ग काढला. घरोघरच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी त्यांनी बादल्यांनी गोळा केलं. ज्याने बादली दिली त्याला होडीबद्दल बोलायचा हक्क मिळाला, त्यामुळे आठवड्याभरात अख्खी सोसायटी जहाजबांधणीतली तज्ज्ञ झाली. कुणी डिंक सुचवला, कुणी सत्यनारायण. काका होडीखाली सतरंजीवर उताणे पडलेले असत, हातात खडू. थेंब दिसला की पत्रे जोडणाऱ्या त्या रिव्हेटभोवती गोल. मग पाणी काढायचं, आतून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, बाहेरून ते हातोडीने रिव्हेट बसवणार. पुन्हा पाणी, पुन्हा सतरंजी. हे महिनोन् महिने चाललं. मला त्यांच्याइतका सुखी माणूस त्या काळात दुसरा दिसला नाही.

होडी सुधारतेय म्हटल्यावर कमिटीला ती सोसायटीची वाटू लागली. सभा झाली. संकटात आधी कोणी बसायचं याची बावीस नावांची यादी झाली. पहिले अध्यक्ष, मग सेक्रेटरी, मग खजिनदार. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर भांडून पाचवा नंबर मिळवला. त्यांच्यापर्यंत पाणी पोचायचं तर आधी कल्याण बुडायला हवं होतं, पण त्यांनी बादल्या जास्त दिल्या होत्या. काकूंचा नंबर नववा. काकांनी यादी शांतपणे वाचली, घडी घातली आणि एका संशयित रिव्हेटखाली पसरली. "कागद चांगलाय," ते म्हणाले. "थेंब लगेच उमटतो."

पुढच्या श्रावणात पाणी आलं. यादीतले बहुतेक मान्यवर मोबाईल घेऊन गच्चीवर होते. काकांनी होडी थेट दाराशी लावली. काकू निळी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने मी, कमरेएवढ्या पाण्यातून होडी ढकलत आम्ही गेटबाहेर पडलो. गच्चीवर कुणी हसलं नाही. रिक्षा स्टँडच्या चढावर होडी टेकली तसा काकांनी आत हात घालून तळ चाचपला आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं बघ! ठणठणीत कोरडी! एक थेंब नाही!"

"कोरडी आहे हो," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांचा ओला हात धरून ठेवला. "पण गेलं वर्षभर मी रोज रात्री पलंगावरून हात खाली सोडून फरशी चाचपते. पाणी आलं का बघते. उन्हाळ्यातसुद्धा. तुम्ही सबंध वर्ष या होडीखाली पडून होतात. मला एकदा तरी विचारलंत?"

काकांनी शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला, पुसला आणि मुलाला लावला. "आम्ही येतोय रे," ते म्हणाले. "राहायलाच."

महिन्याभरात सामान गेलं. टेम्पो निघताना मी विचारलं, "काका, होडीचं काय करायचं?"

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "आमच्या जागेत भाडेकरू येतायत. त्यांची आई म्हातारी आहे." टेम्पो सुरू झाला तसे ते खिडकीतून वाकले आणि माझा खांदा घट्ट धरला. "आणि हे बघ, होडी आहे म्हणून गप्प बसू नकोस. आल्या आल्या त्या बाईंना विचार, झोप लागते का."