ती गोळी मी झाडली होती

मी आयुष्यात एकदाच शिकारीला गेलो. ती हकिकत मी पुढे चार-पाच वर्षं ज्याला सांगितली, त्याला खोटीच सांगितली. आता जशी घडली तशी लिहितो.

२००३ साली मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. माझ्या प्रयोगाला लागणारे स्टीलचे सुटे भाग आमच्या विभागाच्या वर्कशॉपमध्ये बनत. तिथले मशिनिस्ट साठीच्या पुढचे, रुंद पंजांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मी त्यांना नावाने हाक मारायचो, तिथली रीतच तशी. पण मराठीत त्यांना ‘तो’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझ्या ड्रॉइंगमधली चूक ते पेन्सिलीने हलकेच दुरुस्त करायचे आणि कुणाला कळू न देता भाग बरोबर बनवून द्यायचे. दोन वर्षांत त्यांनी माझ्या किती चुका अशा झाकल्या, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या लेथच्या मागे भिंतीवर टर्की पक्ष्याची पिसं खोचलेली असत. एकदा मी त्याबद्दल विचारलं आणि तिथून शिकारीवर बोलणं सुरू झालं. मी लगेच सांगितलं, की कॉलेजात मी नेमबाजीच्या संघात होतो, मला पदकं आहेत. ते खरं होतं. नागपूरला चांदमारीच्या मैदानावर पालथं पडून मी कागदी निशाणं भरपूर फोडली होती. ते म्हणाले, “मग ये या हंगामात.”

परवान्यासाठी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. तो मी केला. शेवटी लेखी परीक्षा होती. त्यात एक चित्र होतं: टेकडीच्या माथ्यावर पक्षी, मागे मोकळं आभाळ. गोळी झाडावी का? मी ‘नाही’वर खूण केली. सगळीच उत्तरं बरोबर आली, आणि संध्याकाळी रूममेट्सना तो पेपर मी दाखवलाही. एक जण म्हणाला, “यार, आता टर्की आणल्याशिवाय घरात घेणार नाही. मसाला मी आयसेलिनच्या देशी दुकानातून मागवतो.”

अडचण रायफलची होती. ते स्वतः टर्कीसाठी छऱ्याची बंदूक वापरत. मला मात्र रायफलच हवी होती, कारण तेवढीच मला येत होती आणि तिच्यातच माझी मिजास होती.

“कायदा शरदात रायफल चालवू देतो,” ते म्हणाले. “मला आवडत नाही. छरे साठ-सत्तर पावलांत दम सोडतात. रायफलची गोळी पक्ष्यातून जाते आणि पुढे जातच राहते. शिवाय छऱ्याने मारायचा तर पक्ष्याला जवळ आणावं लागतं. त्याला तुझी चाहूल लागली तर तो सुटतो. एवढी संधी त्याला द्यायला हवी की नाही?”

मी म्हटलं, “माझा नेम चुकत नाही.”

“नेमाचं नाही बोलत मी. तुमच्या मैदानावर निशाणाच्या मागे काय असायचं?”

“मातीचा उंच बांध.”

“इथे तो कुणी घालून ठेवलेला नाही.”

तरी मी हट्ट धरला. दोन आठवडे वर्कशॉपमध्ये गेलो की तोच विषय काढायचो. शेवटी त्यांनी आपल्या वडिलांची बारीक गोळीची जुनी रायफल मला द्यायचं कबूल केलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. रान एका विधवा बाईंच्या मालकीचं होतं. त्यांचे दिवंगत पती म्हणजे मशिनिस्टांचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे मशिनिस्टांना तिथे कायमची मुभा होती. अंगात नारिंगी जाकिटं, डोक्यावर नारिंगी टोप्या, पाठीवर परवाना लावलेला. एका खोलगट जागेत त्यांनी मला ओकच्या बुंध्याला टेकवून बसवलं आणि हाताने हद्द आखून दिली. “या डावीकडच्या दगडापासून त्या पडलेल्या झाडापर्यंत. सगळं उताराच्या खाली. मागे जमीन आहे, गोळी जमिनीत जाईल. तो वरचा माथा तुझा नाही. माथ्यापलीकडे गवताचं शेत, आणि शेतापलीकडे तिचं घर.”

म्हणजे मला माहीत होतं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. घर तिथे आहे, हे मला सांगितलेलं होतं.

सकाळीच त्यांनी एका थव्यात धावत जाऊन पक्षी चहूकडे उधळून लावले होते. शरदातली रीत अशी, की थवा फोडायचा, मग शांत बसून मादीचा आवाज काढायचा. त्या वर्षीची पिलं एव्हाना आईएवढी झालेली असतात, पण थव्यातून तुटली की अजून तिलाच शोधतात. ते माझ्यापासून चाळीसेक पावलांवर बसले आणि लाकडाच्या छोट्या पेटीवर फळी घासून तो आवाज काढू लागले. थोड्या वेळाने रानातून बारीक, कातर शिट्टीसारखं उत्तर आलं. आईची हाक ऐकून ती येत होती. ही फसवणूक मला खटकली, पण मी ते बाजूला सारलं. मला पदक दिसत होतं.

दीड तास गेला. बोटं गारठली. उताराखाली काहीच आलं नाही. मग माथ्यावर एक टर्की चढला आणि थांबला. आभाळावर त्याची काळी आकृती, मान उंच केलेली. अगदी त्या परीक्षेतल्या चित्रासारखी. अंतर शंभर पावलं असेल. छऱ्याच्या बंदुकीने ते अशक्य होतं, माझ्या हातात मात्र रायफल होती.

श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

पक्षी कोसळला, फडफडला, उठला आणि एक पाय लोंबकळत माथ्यापलीकडे दिसेनासा झाला. मी आनंदाने ओरडलो. त्यांच्याकडे पाहिलं तर ते उभे होते आणि पक्ष्याकडे बघतच नव्हते. ते वर धावत सुटले. त्या वयात त्यांना असं जीव तोडून धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माथ्यावर पोचलो तेव्हा शेतापलीकडे पांढरं घर स्वच्छ दिसलं. अंगणात एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि टेकडीकडे पाहत होत्या.

मशिनिस्टांनी माझ्या हातातली रायफल काढून घेतली, रिकामी केली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. आपली बंदूकही रिकामी करून माझ्या हातात दिली. मग आम्ही शेत ओलांडलं.

बाईंच्या हातात सफरचंदं सोलायची सुरी तशीच होती. गोळी स्वयंपाकघराच्या लाकडी भिंतीतून आत शिरली होती आणि कपाटातल्या बशा फोडून तिथेच अडकली होती. त्या टेबलाशी बसून सफरचंदं सोलत होत्या. भोक त्यांच्या खुर्चीच्या पाठीपासून हातभर वर होतं.

“कोणी झाडली?” बाईंनी विचारलं.

“मी,” ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या बुटांना चिकटलेलं गवत पाहत राहिलो.

“तू?” बाईंचा विश्वास बसेना. “इतकी वर्षं येतोयस, तू?”

“मागे काय आहे ते पाहिलं नाही.”

बाईंनी शिकार खात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. तो तासाभराने आला. तरुण, नम्र माणूस. त्याने भोक पाहिलं, माथा पाहिला, मशिनिस्टांचं म्हणणं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळला. “गोळी यांनीच झाडली, हे तू पाहिलंस?”

मी म्हटलं, “हो.”

तेवढाच एक शब्द. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण दुःख वाटलं नाही, सुटका वाटली. डोक्यात व्हिसा, गाईड, घरी करावा लागला असता तो फोन, हे सगळं एकदम येऊन गेलं होतं, आणि त्या ‘हो’ने ते मिटलं.

अधिकारी गेल्यावर मी निघायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, “जखमी पक्षी आहे अजून.” बंदुका गाडीत ठेवून आम्ही काळोख पडायच्या आधीपर्यंत तो शोधला. चार ठिकाणी रक्ताचे थेंब सापडले, एका काटेरी झुडपाखाली पिसं सापडली. पक्षी सापडला नाही. तो कुठेतरी दबून बसला असेल आणि मरायला त्याला किती वेळ लागला असेल, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. नंतर मात्र पुष्कळदा केला.

परतताना गाडीत मी म्हटलं, “तुम्ही असं का केलंत?”

“रायफल मी दिली,” ते म्हणाले.

घरी रूममेटने विचारलं, “काय रे, टर्की कुठाय?” मी म्हटलं, “नाही मिळाला.”

त्यांचा परवाना काही वर्षांसाठी रद्द झाला. बाईंनी रानाची मुभा काढून घेतली. लहान गाव, बातमी विभागापर्यंत आली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्यांना म्हणालं, “काय, या वर्षी स्वयंपाकघरच मारलंस म्हणे!” सगळे हसले. मी त्याच टेबलावर होतो, मीही हसलो. त्यांनी डबा बंद केला आणि ते लेथकडे गेले. त्यानंतर मी वर्कशॉपमध्ये जाणं टाळू लागलो. ड्रॉइंग ई-मेलने पाठवायचो. भाग वेळेवर तयार होऊन यायचे, आधीसारखेच, चुका दुरुस्त केलेले. प्रबंधात मी त्यांचे आभार मानले, एका ओळीत, इतर सहा जणांच्या नावांबरोबर.

२००५ मध्ये आयसेलिनजवळ पिस्कॅटवेला नोकरी लागली. लग्न झालं. दोन वर्षांनी आयसेलिनला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे शिकारीचा विषय निघाला. मी रंगात येऊन किस्सा सांगितला: एक म्हातारा मशिनिस्ट, त्याचा चुकलेला नेम, बशांचा खच. लोक पोट धरून हसले. त्या दिवशी समोर अधिकारी नव्हता, व्हिसाची भीती नव्हती. तरी गोळी मी त्यांच्याच नावावर ठेवली.

यजमानांचे वडील हसले नाहीत. ते काका निवृत्त शिक्षक होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी विचारलं, “त्या गृहस्थांचं पुढे काय झालं हो?”

मला माहीत नव्हतं. “असतील तिथेच,” मी म्हटलं. काकांनी मान हलवली आणि ताटाकडे पाहिलं.

पुढच्याच शनिवारी मी एकटा ड्राइव्ह करत निघालो. बायकोला सांगितलं, जुन्या लॅबमध्ये काम आहे. साडेचार तासांनी त्या पांढऱ्या घरापाशी पोचलो. बाई थकल्या होत्या, पण त्यांनी ओळखलं. मी दारातच उभा राहून सांगितलं, की ती गोळी मी झाडली होती, मला नको म्हणून सांगितलेलं असताना झाडली होती, आणि अधिकाऱ्यापुढे मी खोटं बोललो होतो.

त्यांनी आधी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं दीड वर्षापूर्वी. नीट नाही झालं. काठी घेऊन चालतो. आता मी रान उघडलं, तरी तो चढ त्याला चढता यायचा नाही.” त्या पुढे म्हणाल्या, “पाय धड होते त्या वर्षांत मी त्याला येऊ दिलं नाही. माझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धालासुद्धा बोलावलं नाही. ते तू माझ्याकडून करवून घेतलंस.”

वर्षश्राद्ध हा शब्द अर्थात माझा. त्या म्हणाल्या होत्या, दर वर्षी त्याच्या मृत्यूच्या दिवशी आम्ही कबरीवर फुलं ठेवायला जातो तेव्हा.

बाईंनी आत जाऊन मशिनिस्टांना फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

“मी बाईंना सगळं सांगितलं,” मी म्हटलं. “मला माफ करा.”

“बरं,” ते म्हणाले. श्वासाचा आवाज येत होता. मला वाटलं, एवढंच बोलून ठेवतील.

“तेव्हा मी ‘मी’ म्हणालो ना,” ते म्हणाले, “तेव्हा मला वाटलं होतं, तू मला थांबवशील.”

मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

“तिला दे फोन,” ते म्हणाले.

मी फोन परत दिला. बाई पाठ करून बोलू लागल्या, गुडघ्याविषयी, हवेविषयी, मग कुणा तिसऱ्याच माणसाविषयी. त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो, मग पायऱ्या उतरून गाडीकडे आलो.

त्या आठवड्यात मी शिकार खात्याला पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. बायकोला मात्र खरी हकिकत सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं.