मागायचं नसतं

माझ्या थोरल्या मावशीने जन्मभर पैसे गोळा केले, पण मागितले एकदाही नाहीत. हे मी नाही, ती सांगते. परदेशांत सूतिकागृहं, शाळा, विहिरी उभ्या करणाऱ्या एका संस्थेत ती होती आणि त्या कामाला श्रीमंत माणसं, कंपन्या, न्यास जोडून घेणं ही तिची नोकरी. तिच्या खात्यात 'मागणं' हा शब्द वर्ज्य होता. "आपण मागत नाही, भागीदारीची संधी देतो," असं ती नव्या मुलींना शिकवायची. देणगीदाराला देणगीदार म्हटलेलंही तिला खपत नसे. आमच्या घरात तिचं नाव भागीदारीणबाई पडलं ते त्यामुळेच.

एकदा रंगाच्या कारखान्याच्या मालकाकडे जेवायला तिने मलाही नेलं. सूप येईपर्यंत ती त्याच्या आईची चौकशी करत होती. फळं येईपर्यंत तो आपण कसल्या अंधाऱ्या खोलीत जन्मलो ते सांगायला लागला होता. शेवटी हात पुसता पुसता तोच म्हणाला, "बाई, मी काय करू शकतो?" मावशी म्हणाली, "विचार करून कळवते." मला ठसका लागला.

पुढे पुढे 'मागणं' हा शब्द तिच्या तोंडून कायमचाच गेला. शेजारणीकडून मीठ हवं असलं तर ती विचारणार, "तुमच्याकडे मीठ जरा जास्त आहे का?" बसमध्ये म्हणणार, "आपण दोघी इथे मावू, नाही?" बायका सरकायच्या, हे कबूल केलं पाहिजे.

नकारही ढिगाने यायचे. ते ती आमच्याकडे येऊन नाकात बोलत म्हणून दाखवायची: "आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहोत, तथापि यंदा आमचे प्राधान्यक्रम वेगळे आहेत." आम्ही पोट धरून हसायचो. नकार देणाऱ्या प्रत्येकाचे ती आभार मानत आली होती, हे काही आमच्या डोक्यात शिरलं नाही.

निवृत्तीनंतर तिचा गुडघा बदलायचं ठरलं. डॉक्टरने बजावलं, घरी गेल्यावर काही महिने एकटं राहायचं नाही. सोबत नसेल तर ऑपरेशनच नको. मावशी तर एकटीच. लग्नाच्या बाबतीत तिला कोणी संधी दिली नाही, की तिने कोणाला दिली नाही, कोण जाणे. उरली माझी आई, तिची धाकटी बहीण.

त्या दिवशी मी माहेरीच होते. आई भाजी निवडत होती. मावशी लंगडत आली, काठी टेबलाला टेकवून ताठ बसली आणि घसा खाकरून म्हणाली, "हिचं लग्न झाल्यापासून तुमची एक खोली रिकामी असते. माझ्याकडे पेन्शन आहे, वेळही आहे. दोघींच्या हिताचं काही सहकार्य होऊ शकेल, असं मला वाटतं."

आईला सगळं आधीच कळलं होतं. तिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि नाकात बोलली, "आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहोत, तथापि यंदा आमचे प्राधान्यक्रम वेगळे आहेत."

मावशी हसली नाही.

"साहजिक आहे," ती म्हणाली. "वेळ दिलास, आभारी आहे." आणि पर्स घेऊन उठायला लागली.

आईच्या हातातली जुडी खाली पडली. "ताई, अगं चेष्टा केली मी. भांड की माझ्याशी."

"नकार मिळाल्यावर भांडायचं नसतं," मावशी समजावणीच्या सुरात म्हणाली. "संबंध टिकवायचे असतात."

मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे तोंड केलं. आईने मात्र तिची काठीच काढून घेतली. "खोली कालच झाडून ठेवलीय. पण आधी नीट माग. तोंडाने."

मावशीचे ओठ दोनदा हलले. मग ती सरळ म्हणाली, "मला एकटीला भीती वाटते गं. मला ठेवून घेशील?"

आई काठी तशीच धरून पदराने डोळे पुसत राहिली.

"विचार करून कळव," मावशी म्हणाली.