हशासाठी थांबलेला नट

कुवेतला आल्यापासून मी डायलिसिस विभागात नर्स आहे. मिरजेत शिकले, काही वर्षं तिथेच नोकरी केली. मग नवऱ्याला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत काम मिळालं, त्याच्यामागून मीही आले. आम्ही फिंतासला राहतो. आमच्या विभागात माणूस एकदा आला की वर्षानुवर्षं येतच राहतो, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. हळूहळू तो पेशंट राहत नाही. त्याच्या घरातली लग्नं, रुसवेफुगवे, कोणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अडकलाय, सगळं आम्हाला ठाऊक होतं.

ज्यांच्याविषयी लिहितेय ते सीरियाचे, हलब शहरातले. सत्तरीच्या पुढचे, उंच, पाठीत जराही वाकलेले नाहीत. सगळे त्यांना उस्ताज म्हणायचे. आपला उस्ताद तोच शब्द. भाचा त्यांना सकाळी गाडीने सोडायचा आणि दुपारी न्यायला यायचा. हाताला सुया टोचताना बहुतेक जण तोंड फिरवतात. उस्ताज मात्र माझ्याकडे बघत राहायचे, आणि झालं की ‘शुक्रन, या बिन्ती’ म्हणायचे. धन्यवाद, लेकी. एवढंच, पण पलीकडच्या कोपऱ्यातला पेशंटही मान वर करून बघायचा. तसा आवाज मी दुसऱ्या कोणाचा ऐकलेला नाही.

त्या आवाजामुळेच ते कोण आहेत हे आम्हाला कळलं. विभागात एक तरुण कुवेती डॉक्टर नवीन रुजू झाला होता. राउंड घेताना त्याने उस्ताजना रक्तदाबाचं काहीतरी विचारलं. ते उत्तर देत असतानाच हा मध्येच थांबला आणि म्हणाला, “तुम्ही अस्वल आहात ना?” आम्ही चमकलो. उस्ताज हसले आणि एकदम जाड, झोपाळू आवाजात एक लांबलचक वाक्य बोलले. डॉक्टरचा चेहरा सात-आठ वर्षांच्या मुलासारखा झाला. टीव्हीवर लागणाऱ्या एका कार्टूनमधल्या म्हाताऱ्या अस्वलाचा अरबी आवाज त्यांचा होता. डॉक्टर रोज शाळेतून आल्यावर ते बघायचा. त्याने विचारलं, की मग शेवटी तुमचं नाव का नसायचं? उस्ताज म्हणाले, ते कार्टून आमच्या देशातही विकायचं होतं. माझं नाव असतं तर तिकडे कोणी घेतलं नसतं.

पुढे दोन-तीन महिन्यांत मशीनच्या शेजारी बसून मी त्यांची हकीकत ऐकली, तुकड्यातुकड्याने. माझं अरबी दवाखान्यातलं, त्यांचं इंग्रजी जेमतेम, आणि इतकी वर्षं इथे काढल्यामुळे दोघांनाही येणारं बाजारी हिंदी. त्या खिचडीत सगळं निभायचं.

शिंप्याचा मुलगा. शाळेतल्या मास्तरांनी नाटकात उभं केलं आणि तिथून तो परत फिरलाच नाही. सरकारी नाट्यगृहात नोकरी लागली. तिशीपर्यंत शहरात रस्त्याने जाताना लोक ओळखायला लागले. त्याच नाटक मंडळीतल्या एका नटीशी लग्न झालं. ती पाठांतरात पक्की. स्वतःची तर तिला पाठ असायचीच, पण सगळ्यांचीच वाक्यं पाठ. उस्ताज मात्र विसराळू. ते अडखळले की ती विंगेतून हळूच शब्द पुरवायची.

मग ते नाटक आलं. विनोदी होतं, आणि सेन्सॉरने वाचून परवानगी दिलेलं. गावातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ कैक वर्षं बंद पडलंय, लोक तक्रार घेऊन येतात. घड्याळाची देखभाल करणारा म्हातारा म्हणजे उस्ताज. तो त्यांना सांगतो, “घड्याळ कधीच चुकत नाही. वेळच बेशिस्त झालीय.” पाच-सहा प्रयोगांत या वाक्याला बऱ्यापैकी हशा मिळाला होता. एका प्रयोगाला पहिल्या रांगेत सुरक्षा खात्याचा एक मोठा अधिकारी येऊन बसला. त्या दिवशी वाक्य बोलून उस्ताज थांबले. मान वर करून घड्याळाकडे बघत राहिले. लोक हसले. ते तसेच उभे राहिले. लोक पुन्हा हसले, मग टाळ्या, मग मागच्या रांगांतून शिट्ट्या. तो हशा काही केल्या थांबेना. पहिल्या रांगेतला माणूस तेवढा हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. चौकशी करणाऱ्याच्या हातात नाटकाची संहिता होती. तो म्हणाला, वाक्य इथे छापलेलं आहे, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. थांबायचं कुठे लिहिलंय ते दाखव.

“मी काय दाखवणार?” उस्ताज मला म्हणाले. “मी म्हटलं, लोक हसत होते म्हणून थांबलो. तर तो म्हणाला, तू थांबलास म्हणून ते हसले.”

आत काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत आणि त्याचा उल्लेख त्यांच्या कागदांत कुठेच नव्हता. मीही विचारलं नाही. सुटून आल्यावर एका ओळखीच्या माणसाने घरी येऊन सांगितलं, की पुन्हा न्यायला येणार आहेत, आजच निघ. ते निघाले. बायकोची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून ती मागे राहिली. महिन्या-दोन महिन्यांत येते म्हणाली. नंतर तिला बोलावून एका कागदावर सही घेतली गेली, की या माणसाशी माझा काही संबंध नाही. घटस्फोट झाला. तिला पुन्हा कामं मिळू लागली.

मी म्हटलं, तुम्हाला राग नाही आला? ते म्हणाले, “ती नटी होती. तिला स्टेज नको का?”

कुवेतमध्ये आधी एका शाळेत अरबी शिकवलं, मग डबिंग केलं. डबिंग बंद पडल्यावर सुलैबियाला फर्निचरच्या गोदामावर मालाची नोंद करायला बसले, ते पाय सुजायला लागेपर्यंत. त्यांची आई गेली तेव्हा फोनवरून कळलं. तिकडे त्यांची टीव्हीवर दाखवलेली नाटकं पुन्हा कधी लागली नाहीत. नाट्यगृहातल्या भिंतीवरून त्यांचे फोटो उतरवले गेले. इथल्या हौशी नाटकवाल्यांनी काम करा म्हणून विनवलं होतं. त्यांना यांनी नाही म्हणून सांगितलं. स्टेजवर ते पुन्हा चढले नाहीत.

माझ्यासाठी मात्र ते एकदा नाट्यगृहात आले. आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्या वर्षी नाटक बसवलं होतं आणि मला आईचं छोटं काम होतं. मुलगा परदेशातून यायचा असतो आणि तो येत नाही म्हणून फोन येतो. मशीन लावता लावता मी वाक्यं पुटपुटत होते, ते उस्ताजनी पकडलं. म्हणून दाखव म्हणाले. मी म्हटली. मराठीचा त्यांना गंध नव्हता. डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, फोन आलाय का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग तू ऐकतच नाहीयेस. तुला उत्तर आधीच ठाऊक आहे. तो बोलून होऊ दे, मग ते तुझ्यापर्यंत पोचू दे, मग बोल. तेवढं घाबरायचं नाही, लोक थांबतात.

प्रयोगाला भाच्याने त्यांना आणलं. नाटकातला फोन आला. मी थांबले. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं, एक लहान मूल रडलं, आणि तरी मी थांबले. नंतर माझी मुलगी मला म्हणाली, “आई, आय थॉट यू फरगॉट.” उस्ताज शेवटच्या रांगेत बसले होते. भेटायला गेले तर ते बाहेर गाडीपाशी उभे राहून भाच्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते. मी तशीच मागे फिरले.

त्यानंतर त्यांच्या देशातली सत्ता पडली. विभागातल्या टीव्हीवर रस्त्यात नाचणारी माणसं दिसत होती. दुसऱ्या एका सीरियन पेशंटने पेढ्यांसारखी मिठाई वाटली, पाया पडावं तसे उस्ताजचे दोन्ही हात धरले. उस्ताज टीव्हीकडे बघत राहिले. संपूर्ण चार तास त्यांनी आवाज वाढवू दिला नाही आणि बंदही करू दिला नाही.

मग सगळे विचारायला लागले, कधी जाताय. डॉक्टर जाऊ नका म्हणत होते. तिकडे मशीन आहेत पण भरवसा नाही, हृदयही कमजोर. उस्ताजनी ऐकून घेतलं आणि भाच्याला तिकिटं काढायला सांगितलं. आम्ही तिथल्या एका दवाखान्यात त्यांच्या वेळा ठरवून घेतल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नखं कापून घेतली, कारण वाकड्या बोटांची त्यांना स्वतःला कापता येत नसत.

पंधरवड्याने परत आले तेव्हा वजन उतरलं होतं. दुसऱ्या खेपेला मी सुया लावून झाल्यावर शेजारी स्टूल ओढून बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं.

नाट्यगृहाचं अर्धं छप्पर गेलं होतं, पण स्टेज शाबूत होतं. तिथे काही तरुण मुलंमुली नाटक बसवत होती. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. उस्ताजचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. भाच्याने सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, आणि एक मुलगी म्हणाली, ते वाक्य एकदा म्हणून दाखवा ना. उस्ताज स्टेजवर चढले.

“आणि मला ते आठवेना,” ते म्हणाले. “तुला मी किती वेळा सांगितलंय. तिथे उभा राहिलो आणि एक शब्द नाही. ती मुलं वाट बघत होती.”

तेवढ्यात अंधारातल्या खुर्च्यांमधून कोणीतरी ते वाक्य हळूच म्हटलं. पूर्ण, एकही शब्द न चुकता. त्यांची बायको होती. ते आलेत हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. नातवाला घेऊन आली होती आणि मागे बसून राहिली होती.

मी विचारलं, मग तुम्ही म्हटलंत?

“म्हटलं. थांबलोसुद्धा. कोणी हसलं नाही.” मग म्हणाले, “त्यांना हसण्यासारखं त्यात काय होतं? मी त्यांना दोष देत नाही.”

नंतर त्या दोघांनी बाहेर पायरीवर बसून कॉफी घेतली. तिने पुन्हा लग्न केलं होतं, तो नवरा वारला होता. ती नाटकांविषयी बोलली, कोणकोण गेलं ते सांगितलं. सहीचा विषय तिने काढला आणि त्यांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. नातवाला भूक लागली, म्हणून ती उठली. पुन्हा भेटायचं ठरलं होतं, पण दवाखान्यातलं मशीन बंद पडलं आणि भाच्याने त्यांना ठरल्याआधीच परत आणलं.

ते अजून काही महिने येत राहिले. हळूहळू बोलणं कमी झालं. मी कधी नाटकाचा विषय काढला तर माझ्या मुलीच्या परीक्षेविषयी विचारायचे. एके सकाळी त्यांची वेळ होऊन गेली तरी गाडी आली नाही. भाच्याला फोन लावला. झोपेतच गेले होते.

दफनाला माझा नवरा गेला. फार माणसं नव्हती म्हणाला. तरुण डॉक्टर आला होता, मातीही दिली त्याने. हलबहून त्यांच्या बायकोने भाच्याला फोन करून विचारलं होतं, की तोंड कुठल्या बाजूला केलंय, नमाजाच्या दिशेला नीट केलंय ना.

मध्यंतरी भाचा भेटायला आला. तिकडच्या नाट्यगृहात आता देश सोडावा लागलेल्या कलावंतांचे फोटो पुन्हा लावताहेत. उस्ताजचाही लावलाय. त्याने मोबाइलवर दाखवला. पांढरी दाढी, भुवयांना कापूस, चेहऱ्यावर रंगाने काढलेल्या सुरकुत्या. जुन्या संग्रहातून नष्ट करायचा राहून गेलेला तेवढा एकच सापडला, मेकअप केलेला. त्यात ते ओळखूच येत नाहीत.

माझ्याकडे त्यांचा एक आहे. ईदला आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं तेव्हा नवऱ्याने काढलेला. आमच्या सोफ्यावर बसलेत, हातात पाण्याचा पेला, कोणाचं तरी बोलणं ऐकताहेत. तो मी भाच्याला दिला आणि त्याने तिकडे पाठवला. ते लावतील की नाही, अजून काही कळलेलं नाही.