विशेष काही नाही

गुलाबी चौकटींच्या कागदावर आमच्या ह्यांच्या हृदयाची रेघ उमटत होती आणि मी ती वाचता येत असल्यासारखी बघत होते. सकाळपासून ह्यांच्या छातीत जड वाटत होतं. 'गॅस आहे' म्हणत ओवा चावत बसले. घाम फुटला तेव्हा मी ऐकून घेणं सोडलं आणि दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उजेडाकडे धरली. "ह्या लाटांच्या मधली सपाट जागा दिसते? हार्ट अटॅकमध्ये ती बरेचदा वर उचलली जाते, नाहीतर खाली दबते. इथे ती जागेवर आहे. पण एका पट्टीवर मी कुणाला घरी सोडत नाही."

मग रक्त तपासायला गेलं. थोड्या वेळानं पुन्हा पट्टी काढायची होती. तोवर मी त्या सपाट तुकड्याकडेच बघत राहिले. लाटा कुणाच्याही डोळ्यांत भरतील, पण माझा जीव टांगला होता तो मधल्या, काहीच न घडणाऱ्या जागेला. दूध तापवणं, पेपरवरून कुरकुर, संध्याकाळची भाजी. आमचं बहुतेक आयुष्य तिथेच तर गेलं.

दुसरी पट्टी पहिलीसारखीच निघाली, रक्तही चांगलं आलं. "विशेष काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"गॅसच होता," हे शर्टाची बटणं लावत म्हणाले. मला रागवायचंही सुचलं नाही.

रिक्षात बसलो तोच नणंदेचा फोन. तिनं नेहमीसारखंच विचारलं, "काय वहिनी, काय विशेष?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले. इतकी चांगली बातमी मी तिला आजवर दिली नव्हती.