बाभळीचा ठोकळा

नवी सायकल त्यांच्यासमोर उभी केली, की मिस्त्री आधी सायकलीकडे बघतच नसत. मालकाच्या पायांकडे बघत. चपलेपासून कमरेपर्यंत नजर हळूहळू वर न्यायची, मान किंचित कलती करायची आणि मग विचारायचं, "पाय काय म्हणतोय?" नव्या माणसाला याचं काय उत्तर द्यावं तेच कळत नसे. तोवर मिस्त्री त्याचा हात धरून सीटचं टोक त्याच्या काखेत बसवत आणि त्याची बोटं पायडलच्या आसापर्यंत पोहोचतात का ते बघत. बोटं पोहोचली तर सायकल त्याची. नाही पोहोचली तर ती दुसऱ्या कुणाची तरी, आणि हे ते तोंडावर सांगत.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर आमचा कारखाना नवा होता. मिस्त्री यंत्रशाळेत लेथवर होते, मी त्याच खात्यात कारकून. ते चाकणहून रोज सायकलीवर येत आणि सायकलीवरच परत जात. एकदाही त्यांचा भोंगा चुकला नाही. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष असं, की लहानपणी विहिरीच्या मोटेवरून पडून त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड झाला होता. चालताना ते लंगडत. सायकलीवर मात्र कुणाला कळत नसे, कारण डाव्या पायडलवर त्यांनी बाभळीचा एक ठोकळा बोल्टाने पक्का बसवला होता. कानशीने घासून घासून तो त्यांच्या टाचेला, चवड्याला असा जमवला होता, की त्याच्याकडे बघत राहावं. आपल्या पायासाठी एवढी मोजमापं केलेला माणूस दुसऱ्याचे पाय मोजल्याशिवाय कसा राहील?

तेव्हा सगळ्यांना चोवीस इंची फ्रेमच्या सायकलीचं वेड होतं. पगार सुरू झाला, की गावी जाताना उंच सायकल हवी. तिच्यावर बसलेला माणूस पारावरच्या मंडळींना लांबून दिसतो. मीही घेतली. माझी उंची पाच फूट दोन इंच. मिस्त्रींनी सीट माझ्या काखेत बसवली आणि ते गालातल्या गालात हसले.

"राव, ही तुमच्या थोरल्या भावाची हाय. तुमी वीस इंची घ्या."

वीस इंची म्हणजे शाळेतल्या पोरांची, असं मी म्हणालो. मला राग आला होता, तो मी लपवलाही नाही. मिस्त्रींनी माझी सीट पार खाली बसवून दिली आणि नवं कातडं नरम पडावं म्हणून खालून तेल चोळून दिलं.

त्याच हिवाळ्यात कारखान्याने सायकलफेरी जाहीर केली. प्रत्येक खात्यातले चौघे, सकाळी गेटातून निघून नारायणगाव, आणि संध्याकाळी पाचच्या भोंग्याआधी परत. चौघे आले तरच खातं धरलं जाणार. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. आमच्या साहेबांनी ते चौघांच्या यादीतून काढून खाली राखीव म्हणून लिहिलं. वाटेत खेडचा घाट आहे, तुम्ही आपले मागून हत्यारांची थैली घेऊन या, असं ते अगदी प्रेमाने म्हणाले. त्यांच्या जागी चौथा म्हणून मी होतो. मिस्त्री "बरं" म्हणाले आणि लेथकडे वळले. त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीतही आमच्यात बसले नाहीत.

पण आमच्या सायकली त्यांनीच तयार केल्या. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड सगळं उतरवलं. घाटात स्टँड आपल्या पाठीवर बसतो, असं त्यांचं म्हणणं. मागचं फ्रीव्हील बदलून जास्त दातांचं घातलं, म्हणजे चढाला पाय हलका. प्रत्येकाच्या सीटच्या दांड्यावर, त्याच्या उंचीला, कानशीने एक बारीक खूण केली. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा, भूक लागायच्या आधी खा, हे तर आठवडाभर ऐकवलं.

निघालो तेव्हा मी सगळ्यांत पुढे होतो. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत रुबाब टिकला. चाकणला पोचलो तेव्हा पायडल खाली गेलं, की मला कंबर त्या बाजूला झुकवावी लागत होती. खेड मागे पडेपर्यंत मांड्या सोलून निघाल्या. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मी उतरलो आणि दगडावर बसलो. खात्याची फेरी माझ्या हौसेपायी बुडाली होती, आणि मला मान वर करवत नव्हती.

मिस्त्री मागून आले. आता ऐकवतील, असं मला वाटलं. त्यांनी थैलीतून एक पाना आणि पंप काढून घेतला, थैली माझ्या कॅरिअरवर बांधली आणि एवढंच म्हणाले, "तुमी सावलीत बसा. चौथा मी हाय." मग ठोकळ्यावर डावा पाय ठेवून ते वर निघाले. वळणाआड जाईपर्यंत ते एकदाही सीटवरून उठले नाहीत.

मला बटाट्याच्या एका ट्रकने गेटावर आणून सोडलं. काय झालं ते मी साहेबांना खरंखुरं सांगितलं. ते घड्याळ बघत उभे राहिले. पाचला थोडी मिनिटं असताना भोसरीच्या बाजूने धूळ दिसली. चौघे होते. वारा समोरून होता म्हणून मिस्त्री पुढे आणि आमचे तिघे धट्टेकट्टे जवान त्यांच्या पाठीमागे आडोशाला. साहेब स्वतः पुढे झाले आणि मिस्त्री उतरेपर्यंत त्यांनी सायकलचं हँडल धरलं. मला रडू आलं. लाजेचं नव्हे, अभिमानाचं.

मी जवळ जाऊन त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. पाय काय म्हणतोय?

"आज दोनी येकच बोलत्यात," मिस्त्री म्हणाले.

आमचा नंबर दुसरा आला. पहिला कोणाचा आला ते आज मला आठवत नाही. पुढच्याच महिन्यात मी वीस इंची सायकल घेतली, आणि तिच्यावर नोकरी संपेपर्यंत हिंडलो.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या माघारी घरच्यांनी मला काय हवं ते विचारलं, तेव्हा मी ते डावं पायडल ठोकळ्यासकट मागून घेतलं. घरी आणून माझ्या सायकलीला लावलं आणि निघालो. गुडघा छातीपर्यंत वर येऊ लागला, आणि गल्लीच्या टोकालाच मला उतरावं लागलं. ते त्यांच्या पायाच्या मापाचं होतं. माझा पाय नाही म्हणाला, आणि या वेळी मी त्याचं ऐकलं.